काड्या कोण बघतं?

ग्रेटाआंटी गेल्याचा मेसेज ज्या ग्रुपवर आला, त्याच ग्रुपमधून तिला दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं. दुबईच्या जुन्या भागात, ‘बर दुबई’तल्या तिच्या खोलीत, झोपेतच गेली. मेसेजखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ‘जंगलात निर्भय व्हायला शिकवणारी बाई’, असं समीरदादांनी लिहिलं. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी होते. फोन भिंतीवर आपटावासा वाटला... पाच आठवडे झाले, तो राग ओसरलेला नाही, आणि ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

आंटी वसईची. हॉटेलात बँक्वेटचं काम बघायची आणि थंडीतल्या शनिवारी आम्हा मराठी कुटुंबांना खोर फक्कानच्या डोंगरांत न्यायची. तिथल्या कोरड्या ओढ्यांना वादी म्हणतात. पावसानंतर वादीत काय उगवतं, त्यातलं काय खाता येतं, तीन दगडांची चूल वाऱ्याचा अंदाज घेऊन कशी मांडायची, हे ती शिकवायची. पहिल्यांदा तिथं आंबट चुका दिसला, तेव्हा आमच्यातल्या बायका माहेर भेटल्यासारख्या हरखल्या. एकीनं तर डाळ-चुक्याचा बेतही ठरवून टाकला. आंटीनं पान खुडू दिलं नाही. ‘ओळख पटली? मग परत पटव,’ म्हणाली. देठ बघायला लावला, लालसर फुगीर फळं बघायला लावली, पान चुरगाळून हुंगायला लावलं, आणि मगच जिभेवर एकेक तुकडा ठेवू दिला. मुलं कंटाळायची, ‘आंटी, कॅन वी जस्ट ईट इट?’ म्हणून भुणभुण करायची. तिचं म्हणणं असं, की परदेशात माणूस अनोळखी झाडाला भितो ते बरंच आहे. घात करतं ते घरचं वाटणारं झाड. ती निर्भय व्हायला शिकवत नव्हती. नेमकं कशाला भ्यायचं, ते शिकवत होती.

एका शनिवारी ती काही जणांना घेऊन वादीत वर गेली होती. खाली समीरदादांनी निखारे केले. ग्रुप त्यांचा, गाड्या ते ठरवणार, शब्दही त्यांचाच शेवटचा. चिकन ओवायला काही नव्हतं, आणि कडेला कण्हेर फुललेली. आपल्या अंगणातली, देवाला वाहायची कण्हेर. त्यांनी फांद्या तोडल्या, सोलल्या, तुकडे ओवले आणि मुलांच्या हातात दिल्या. आंटी परत आली. तिनं प्रत्येक मुलाच्या हातून काडी काढून घेतली, चिकनसकट खड्ड्यात टाकली आणि वर माती लोटली. मुलांचे हात धुतले. कण्हेरीचं पान, साल, लाकूड सगळंच विषारी असतं, हे तिनं नंतर सांगितलं. समीरदादा हसत होते. ‘अहो, पूजेचं झाड आहे ते.’

‘मग देवाला वाहा. मुलांना का खायला घालता?’

झालं. गाड्या घरी पोचेपर्यंत ग्रुपवर विष बाजूला पडलं होतं आणि आंटीचा धर्म पुढे आला होता. आमच्या देवाबद्दल बोलणारी ही कोण? मग ‘झालं का कुणाला काही?’ असंही विचारलं गेलं. नाही झालं, कारण तिनं होऊ दिलं नाही! टळलेल्या अपघाताचे आभार मानायची आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण टाळणाऱ्यालाच आगाऊ ठरवतो. ‘खलास, विषय संपला’, असं लिहून समीरदादांनी तिला काढलं. मी भांडले, जाणं बंद केलं. इतर जात राहिले.

आंटीनं माफी मागितली नाही, माफीची वाटही पाहिली नाही. पण भेटली की एकच विचारायची. ‘मला बोलावू नका म्हणावं. पण आता काड्या कोण बघतं, तेवढं विचार ना...’ मी ग्रुपवर विचारलं. पुन्हा विचारलं. निळ्या खुणा झाल्या, उत्तर आलं नाही.

गेल्या शनिवारी तिच्या स्मरणार्थ सहल निघाली. मी गेले ती काड्या बघायलाच. समीरदादांनी डिकीतून कापडाची गुंडाळी काढून उलगडली. आत स्टीलच्या सळया होत्या. नव्या नव्हत्या, टोकं काळी पडलेली. कधीपासून वापरता, असं मी विचारलं.

‘तेव्हापासूनच,’ ते म्हणाले, सळया पुसत. ‘रिस्क कशाला घ्यायची?’

म्हणजे ती विचारत होती तेव्हाही या डिकीत होत्या. एका ओळीचं उत्तर होतं. ते तिला कुणी दिलं नाही.