देवघराशेजारचा एक प्लग

निर्माल्य जसं साठतं, तसे आमच्या घरातले किस्से साठतात. देवाला पुन्हा वाहता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. यंदाच्या सोळा सोमवारांत तर परडी भरून वाहिली!

झालं असं, की सासूबाईंनी ऐंशीव्या वर्षी सोळा सोमवार धरले. संध्याकाळी हातात अक्षता घेऊन कहाणी ऐकायची, संपली की अक्षता देवाला वाहायच्या आणि मगच चूरमा खाऊन उपास सोडायचा. त्यांना आता अक्षर दिसत नाही. मी म्हटलं, "मी वाचते." तर म्हणाल्या, "तू छान वाचतेस गं. पण मला ह्यांची ऐकायचीय."

ह्यांची म्हणजे मामंजींची. मामंजी इथल्याच जामबागच्या शाळेत मास्तर होते. पुढं त्यांची वरंगलला बदली झाली, तेव्हा बायकोचं व्रत अडू नये म्हणून जाण्याआधी अख्खी कहाणी कॅसेटवर वाचून ठेवली. मामंजींना जाऊन आता तीन वर्षं झाली. टेपरेकॉर्डर त्यांच्याही आधी गेला होता. कॅसेट मात्र माझ्या लेकीनं, मुक्तानं, वेळेवर कंप्युटरवर उतरवून घेतली होती.

आता ती वाजवायची कशावर?

*

आमचे हे म्हणाले, "टीव्हीला एक कंप्युटर जोडू. गाणी, फोटो, सिनेमे, कहाणी, सगळं एकात!"

मुक्ता म्हणाली, "बाबा, त्याचा फॅन घोंघावतो. म्युझिक स्ट्रीमर घ्या. छोटासा डबा, काम एकच, पण आवाज एकदम क्लीन!"

मलकपेठच्या दुकानात अर्धा तास बापलेकीचं चाललं. शेवटी दुकानदार मला म्हणाला, "अम्मा, दोनों में आवाज अच्छीच आती. झगडा घर पे जा के करो ना!"

ऐकलं त्याचं. दोन्ही घरी आले. पण देवघराशेजारी प्लग एकच. ठरलं, की सोळा सोमवार आलटूनपालटून वाटायचे आणि सतराव्याला, उद्यापनाला, ज्याची चिठ्ठी निघेल तो कायमचा. मी गणपतीला सांगून टाकलं, रुसवेफुगवे न होता एक ठरू दे, तोवर चहात साखर घेणार नाही.

*

पहिला सोमवार कंप्युटरचा. कहाणी रंगात आली आणि पडदा निळा झाला. अपडेट! आम्ही तिघी, म्हणजे सासूबाई, मी आणि शेजारच्या पद्मा, मुठीत अक्षता धरून बसलेल्या. मधे उठायचं नाही. पद्मांचा फोन वाजून वाजून थांबला.

"सत्तावीस टक्के झाले," हे म्हणाले.

चूरमा गार झाला. "एकतीस."

सासूबाई म्हणाल्या, "तुझे वडील फक्त पाणी प्यायला थांबले होते. हा काय जेवायला बसला का?"

ते पाणी म्हणजे असं. कहाणीच्या मध्यावर मामंजींना ठसका लागतो. "अगं, पाणी आण गं जरा," असं त्या कॅसेटवरच ते म्हणतात. मग बांगड्या वाजतात, तांब्या टेकल्याचा आवाज येतो, आणि पुढं कहाणी सुरू. बांगड्या सासूबाईंच्या, तरुणपणच्या.

*

दुसरा सोमवार स्ट्रीमरचा. मुक्तानं कहाणीचे सात तुकडे करून घातले होते. कुणाचा हात लागला देव जाणे, शफल चालू झालं! शाप आधी झाला, सारीपाट नंतर मांडला गेला, आणि पार्वती अजून खेळायला बसलीच नव्हती तर पुजाऱ्याला कोड फुटलं.

पद्मा तेलुगू, त्यांना मराठी बेताचं कळतं. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "अय्यो, आज देवी फार लवकर रागावली!"

मी विचारलं, "कहाणी सगळी ऐकली, फक्त उलटसुलट. चालेल का?"

"लाव पुन्हा पहिल्यापासून," सासूबाई म्हणाल्या. "देवाला चालेल. मास्तरांना चालायचं नाही."

*

कंप्युटर वरून कोमट असतो, हे मला थंडीत कळलं. विरजण लावलेलं पातेलं मी त्याच्यावर ठेवलं. दही काय लागलं! सुरीनं कापावं असं.

मुक्ता किंचाळली, "आई, तो प्रोसेसर आहे!"

ह्यांनी मात्र शांतपणे चमचा बुडवून चव घेतली आणि विचारलं, "तुझ्या स्ट्रीमरवर दही लागतं का?"

*

त्यानंतरच्या एका सोमवारी कहाणी संपली, आम्ही अक्षता वाहून टीव्हीशेजारच्या देवाला वाकलो आणि वर बघतो तर पडद्यावर हे! अर्धी चड्डी, गॉगल, हातात कणीस. कंप्युटर रिकामा बसला की जुने फोटो दाखवतो म्हणे.

पद्मांनी कुंकवाचा करंडा पुढं केला. "अक्का, यांनाही लावायचं का?"

*

उद्यापनाचा सोमवार आला. चिठ्ठी स्ट्रीमरची निघाली होती. मुक्तानं आठवडाभर ऑफिसातून आल्यावर कानाला हेडफोन लावून त्या कहाणीवर मेहनत घेतली होती. कॅसेटची खरखर काढली, बाहेरच्या रिक्षा काढल्या. मूळ प्रत ह्यांच्या कंप्युटरात तेवढी राहिली.

कहाणी लागली आणि आम्ही थक्क! मामंजी जणू चौरंगाशेजारी बसून वाचताहेत. ह्यांनीसुद्धा मान डोलावली. "हरलो बाबा," म्हणाले. "कंप्युटर उद्या वर माळ्यावर टाकतो."

सुफळ संपूर्ण झालं. मी अक्षता वाहिल्या, पद्मांनी वाहिल्या. सासूबाईंची मूठ मिटलेलीच.

"आई, कहाणी संपली," हे म्हणाले.

"नाही संपली."

"संपली, आजी. शेवटपर्यंत लागली ना!" मुक्ता म्हणाली.

"आवाज नीट आला नाही का?" ह्यांनी विचारलं.

"आवाज छान होता."

"मग?"

"त्यांनी पाणी मागितलं नाही अजून."

मुक्ता माझ्याकडे बघायला लागली. "मी... तो ठसका, त्या बांगड्या... मला वाटलं डिस्टर्बन्स आहे."

तिनं स्वतःच उठून स्ट्रीमरची वायर काढली. हे कंप्युटर उचलून आणायला गेले, तर त्याच्यावर माझं दह्याचं पातेलं! ते काढा, वायरी शोधा, धांदल उडाली.

सासूबाई भिंतीला टेकून, मूठ मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"सावकाश लावा रे," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."