वारा पडल्यावरचा खोकला

प्रेमाबाई परब आमच्या शेजारच्या. मुलुंड पूर्वेला, खाडीच्या बाजूला शेवटची इमारत आमची. त्यांचे यजमान शिवदास गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. गिरणी सुटली, छातीतला कापूस काही सुटला नाही. खोकतच गेले बिचारे. प्रेमाबाईंनी लोकांकडे पोळ्या लाटून सुयोगला वाढवलं. आता घरात त्या, सुयोग आणि सून जान्हवी.

गेल्या जानेवारीत वारा पडला. दिवसभर ठीक असायचं. संध्याकाळी खाडीवरची झुळूक थांबली की गटाराचा, जाळलेल्या कचऱ्याचा, हायवेच्या ट्रकांचा वास जमिनीलगत साचायला लागायचा. रात्री खिडकीतून पाहिलं तर धूर पहिल्या मजल्यापर्यंत येऊन थांबलेला. हलत नव्हता. वर गच्चीवर चांदणं स्वच्छ, आणि खाली दिव्याचा खांबही दिसेना.

अशाच एका रात्री जान्हवी उठून सासूच्या खाटेपाशी आली.

"आई, तुम्ही खोकलात?"

प्रेमाबाई जाग्याच होत्या. "नाय गो. ह्यो त्यांचो खोकलो."

जान्हवीच्या अंगावर काटा आला, कारण खोकला पुन्हा ऐकू आला. खोल, दोनदा अडकून मग सुटणारा. अगदी खिडकीखालून.

सुयोगने दुसऱ्या दिवशी समजावलं. "रात्री जमीन गार पडते ना, मग खालची हवा गार आणि वरची गरम. झाकण बसल्यासारखं होतं. धूर वर जात नाही, आवाजही नाही. लांबचा माणूस जवळ वाटतो. कोणीतरी खोकत असेल, सोड."

प्रेमाबाईंनी मान हलवली. पुढच्या रात्री खोकला आला तेव्हा त्यांनी शाल घेतली आणि दार उघडलं. जान्हवी चपला शोधत मागोमाग धावली.

बाहेर डोळे झोंबत होते. सासू चार हात पुढे चालतेय हे जान्हवीला फक्त बांगड्यांवरून कळत होतं. ठाण्याच्या बाजूची मालगाडी कानाशी घासून गेल्यासारखी वाजली. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रा बसलेला. तो भुंकला नाही, नुसता बाजूला झाला. खोकला कधी उजवीकडून येई, कधी पाठीमागून.

"अवो, खंय आसात?" प्रेमाबाईंनी हाक मारली.

खोकला थांबला. मग पुन्हा आलाच नाही.

"आई, चला ना घरी," जान्हवी रडवेली होऊन म्हणाली. पण प्रेमाबाई नाकाने काहीतरी हुंगत होत्या. कोळशाचा वास, ताजा. पुढे बांधकामाच्या प्लॉटवर वॉचमनची पत्र्याची केबिन होती, दार आतून लावलेलं. हाका मारल्या, पत्रा बडवला, उत्तर नाही. दोघींनी मिळून लाथा घातल्या तेव्हा कडी निघाली. आत घमेल्यात निखारे, आणि त्यांच्याशेजारी ब्लँकेट ओढून पडलेला माणूस. ओठांना रंग नव्हता. दोघींनी त्याला पायांना धरून बाहेर ओढलं आणि जान्हवीने सुयोगला फोन लावला.

तो गुणाजी, देवगडचा. वाचला. डॉक्टर म्हणाले, थंडीसाठी शेगडी पेटवून दार लावलं, आणि बाहेर वाराच नाही. धूर फटींतून तरी कुठे जाणार.

दोन दिवसांनी प्रेमाबाई हॉस्पिटलात गेल्या. जान्हवी सोबत होती. तिनेच विचारलं, "काका, रोज एवढं खोकत होतात, कोणाला सांगितलं का नाही?"

गुणाजी म्हणाला, "मी खोकललंय नाय. डोळो लागलो, तो थेट हयसर उघडलो. आनी मी त्याच रात्री पयल्यांदा इल्लंय कामार. आदी त्या केबिनीत कोणच नव्हता."

सुयोग म्हणतो, आसपास दुसरा कोणी आजारी असणार. असेलही. आवाज फसवतो हे मीही मानतो. पण जान्हवी अजून वारा पडला की टीव्ही मोठा लावते.

प्रेमाबाईंनी त्या दिवशी गुणाजीचं ऐकून घेतलं आणि सोबत आणलेला डबा पुढे ओढला. झाकण काढलं, चमच्याने ढवळून म्हणाल्या, "गरम आसा. पेज खातलंस मां?"