बार्सिलोनात सापडलेला सोपा

घर सोडलं त्या दिवशी मी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, बसून सँडलचा पट्टा लावत होते. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि आई सांगत होती, "तिकडं सगळं गुळगुळीत असतंय म्हणे. पाय जपून टाक." गडहिंग्लजच्या आमच्या घरात पाय जपावा लागत नसे. सोप्याची जमीन फुटक्या टाइल्सची होती. बाबा फरशीच्या दुकानात कामाला होते. तिथले टाकाऊ तुकडे ते सायकलवरून आणत आणि आई सिमेंटमध्ये बसवत जाई. निळे, पिवळे, लाल, जसे येतील तसे. एक अख्खा उन्हाळा ती गुडघ्यांवर होती.

आता मी दुबई मरीनामधल्या ऑफिसात आहे. तिथली लॉबी इतकी चकचकीत की पहिल्याच आठवड्यात मी मॅनेजरसमोर सपशेल आडवी झाले. आम्ही राहतो शारजात, अल नहदाला. बाबा गेल्यावर आईचा रेसिडेन्स व्हिसा काढून तिलाही आणलं. ती रमलीही. लिफ्टमध्ये भेटेल त्याला हिंदीत चौकशा करते, आणि नातीला शाळेला उशीर झाला की "यल्ला, यल्ला" म्हणत बसपर्यंत पिटाळते.

मग गावाहून दादाचा फोन आला. त्याच्या मुलीचा साखरपुडा घरीच करायचा होता, म्हणून सोपा उखडून मोठ्या पांढऱ्या टाइल्स घालणार होता. "फुटकंतुटकं दिसतंय गं आई. पाहुणे काय म्हणतील?" आई म्हणाली, "घाल बाबा. जुनंच झालंय." त्या दिवसापासून तिचं जेवणातलं लक्ष उडालं. मी दादाशी भांडायला निघाले तर मलाच दटावलं, "घरात तो राहतोय. आपण काय, पाहुण्या."

माझ्या मुलीच्या, इराच्या, सुट्टीसाठी बार्सिलोनाची ट्रिप आधीच ठरली होती. आईला अक्षरशः ओढून नेलं. अजब शहर. इमारतींच्या भिंती सरळ उभ्या राहायलाच तयार नाहीत. आई म्हणाली, "गवंडी शुद्धीवर होता काय?" ते तिचं पंधरवड्यातलं पहिलं चेष्टेचं वाक्य, म्हणून मला शहर लगेच आवडलं.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या बागेत गेलो. तिकीट काढून, रांग लावून. वर एक लांबच लांब, वळणं घेत गेलेला बाक आहे, जगभरातून माणसं तो बघायला येतात. आणि सगळा बाक फुटक्या टाइल्सचा.

"आज्जी, धिस इज यॉर फ्लोर!" इरा ओरडली.

आईनं बाकावरून तळवा फिरवला, बाटलीतलं पाणी पदरावर घेऊन एक निळा तुकडा पुसला. "बोचत नाही. चांगलं बसवलंय." मग एका तुकड्यापाशी थांबली. "ही बशी आहे गं. मी फुटक्या बशा उगाच टाकून दिल्या."

तिथंच बसून तिनं दादाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला.

"आई, माल येऊन पडलाय. सोमवारी माणसं येतील."

"माल परसात घाल, न्हाणीघराला घाल. माझ्या सोप्याला हात लावायचा नाही." फोन तिनं बाकावरून सावकाश फिरवला. "बघ. आणि पाहुण्यांना सांग, असलं बघायला लोक विमानानं जातात. तुम्हाला घरबसल्या दाखवतोय."

दादाच्या मागून वहिनीचा आवाज आला, "आई, मी आधीपासून हेच म्हणत होते." आई खळखळून हसली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

साखरपुडा त्याच सोप्यात झाला. पाहुण्यांना आईनं एकेक रंग दाखवला, बार्सिलोनाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. आदल्या दिवशी मात्र तिनं दादाला सिमेंट कालवायला लावलं होतं. उंबऱ्याजवळचा एक तुकडा निघाला होता. तिथं तिनं पिशवीतून काढून आमच्या अल नहदाच्या घरातल्या फुटलेल्या कपाचा हिरवा तुकडा बसवला आणि मला म्हणाली, "आता तूही हितलीच."

माझं घर कुठलं, असं विचारलं की पूर्वी मी अडखळायचे. आता सांगते, शारजात राहते आणि गडहिंग्लजच्या उंबऱ्याशी पक्की बसवलेली आहे.