उरलेल्या स्क्रूंची बरणी

पद्मा चौगुले गेल्याची बातमी मला बेंगळुरूहून कळली. तिचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, आणि बातमी आली ती माझ्या मुलीच्या, रेवतीच्या फोनवरून. मी शाळेला निघायच्या गडबडीत होते. "आई, चौगुले मॅडम गेल्या..." एवढंच म्हणून ती रडायला लागली. पद्माच्या छातीत सकाळीच दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, हे तिनंच मला सांगितलं. "तुला अजून माहीत नव्हतं?" तिनं विचारलं. नव्हतं. पद्माच्या रविवारच्या वर्गातल्या जुन्या मुलांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. तिच्या यजमानांनी, आण्णांनी, आधी तिथं कळवलं होतं. म्हणजे पुण्यात कळलं, बेंगळुरूत कळलं, दुबईला गेलेल्या कुणाला तरी कळलं, आणि डी.एड.पासूनची मैत्रीण इथं दारात चपला घालत उभी होती. लोक म्हणतात अशा वेळी पायाखालची जमीन सरकते. माझी नाही सरकली. मला राग आला.

तशीच धावत गेले, तर गल्ली भरलेली. दाढ्या आलेली, कडेवर मुलं घेतलेली, हेल्मेट हातात धरलेली ती सगळी एकेकाळची सहावी-सातवीतली पोरं. त्यातला एक उंच मुलगा गर्दी आवरत होता. मला म्हणाला, "मावशी, जरा मागं सरा की. मॅडमच्या जवळच्यांस्नी पुढं येऊ दे." मी जागची हलले नाही, तेव्हा त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "तुम्ही मॅडमच्या कोण?" मी म्हणाले, "शाळेतली." मग तो म्हणाला, "मग हितं कडंला उभ्या ऱ्हावा," आणि मी कडेला उभी राहिले.

याला आता महिना होत आला. लोकांनी तिच्याविषयी पुष्कळ लिहिलं, मोबाईलवर, फळ्यावर, शाळेच्या हस्तलिखितात. सगळ्यांनी चांगलंच लिहिलं. मीही चांगलंच लिहीन, पण मला तिचा हेवा वाटायचा हे वगळून लिहिता यायचं नाही. अजून वाटतो. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात, पण पद्मा मरूनही हेवा वाटण्यासारखीच वागली, त्याला मी काय करू?

आम्ही दोघी एकाच शाळेत लागलो. मी गणित शिकवायचे, ती विज्ञान. ती पेठ वडगावजवळच्या जैन शेतकरी घरातली, बोलणं खणखणीत आणि आमच्याकडच्या बायकांचं असतं तसं, "मी येतो, मी जातो" असं. वर्गातसुद्धा तसंच बोलायची. मी मुलांना "'न्हाय' नव्हे, 'नाही' म्हणावं" असं बजावून बाहेर पडले की ही आत जाऊन म्हणायची, "कुणाला कळलं न्हाय त्यानं हात वर करा की लेको." सगळे हात वर जायचे. माझ्या तासाला कधीच कुणाचा हात वर जायचा नाही, आणि मी त्याचा अर्थ मुलांना सगळं कळतं असा घेत होते.

तेव्हा रविवार आमचे असत. ती सकाळची कामं आटोपून माझ्याकडे यायची, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर खिडकीच्या बाजूला टुणकन चढून बसायची आणि पाय हलवत राहायची. माझ्या सासूबाई होत्या तेव्हाही. त्या नाक मुरडायच्या, ही खुशाल हसायची. ती लसूण खात नसे, म्हणून रविवारची शेंगदाण्याची चटणी मी बिनलसणीची करायचे. गरम भाकरी, चटणी, दही, आणि शाळेतल्या यच्चयावत माणसांची नक्कल... हेडमास्तरांची तर ती इतकी हुबेहूब करायची की एकदा माझ्या हातातून भाकरी तव्याबाहेर पडली होती. तेवढं हसणं मी त्यानंतर कुणाबरोबर हसले नाही.

मग तिनं तो वर्ग काढला. सरकारी भाषेत त्याला अभ्यासपूरक उपक्रम म्हणतात. शाळेच्या अहवालात ते छापूनही यायचं. प्रत्यक्षात तो होता तिच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी चालणारा गोंधळ. सहावी ते आठवीच्या कुणीही यावं. परीक्षा नाही, हजेरी नाही. एकच अट होती, येताना घरातली बिघडलेली वस्तू घेऊन यायची, आणि तीही घरच्यांना विचारून. बंद पडलेलं घड्याळ, इस्त्री, सायकलचा पंप, पंखा, देवघरातली दिव्यांची माळ. मुलं ती खोलायची, आत काय आहे ते बघायची, आणि परत जोडायची. जोडताना एखाददुसरा स्क्रू हमखास उरायचा. त्याचं काय करायचं? पद्मानं लोणच्याची एक चिनी मातीची बरणी ठेवली होती. उरलेला स्क्रू त्या बरणीत टाकायचा आणि टाकताना मोठ्यानं सांगायचं, "माझा एक उरला!" बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्या, चुकल्याबद्दल! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

माझा शिष्यवृत्तीचा वर्ग तेव्हा नावाजलेला होता. पालक माझ्याकडे रांगा लावायचे. गुणवत्ता यादीत माझी मुलं दरवर्षी असत, आणि हे मी आजही अभिमानानं सांगते. मी कुठलं गणित फळ्यावर पुसून पुन्हा लिहिलं, असं कुणी सांगू शकणार नाही. आणि पद्मा? तिला साधी शतमानं काढता यायची नाहीत धड. मुलांसमोर म्हणायची, "आता हे मलाच येत न्हाय. बघू या की कसं करायचं ते." आणि मुलं तिला शिकवायला पुढं सरसावायची. ती मुलं संध्याकाळी माझ्याकडे यायची तेव्हा त्यांच्या नखांत ग्रीस असायचं, आणि डोळ्यांत... ते काय असायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. ते माझ्या वर्गात यायचं नाही.

रेवतीही तिच्याकडे जायला लागली. घरात आई गणिताची शिक्षिका, आणि पोरगी रविवारी सकाळी माझी वेणीफणी होण्याआधी चपला पायात सरकवून पसार. माझा रविवार असा दोन्हीकडून गेला. ओट्यावरची मैत्रीण गेली आणि ओट्याखाली घुटमळणारी मुलगीही गेली. पद्मा म्हणायची, "अगं, तू बी ये की. पोरास्नी गणितं लागतात मधी मधी." मी म्हणायचे, मला शिष्यवृत्तीचे पेपर तपासायचे असतात.

एकदाच गेले, सहलीला. तिच्या सहली पण ठरलेल्या असत, कधी हुपरीला चांदी वितळवताना बघायला, कधी गुऱ्हाळावर. मी गेले ती सहल राधानगरीची होती. धरण भरलं होतं, धो धो पाऊस, आणि लांबून धरणाचे दरवाजे दिसत होते. बघता बघता एक दरवाजा उघडला आणि पाण्याचा लोट खाली कोसळला. पद्मानं मुलांना विचारलं, "दार कुणी उघडलं?" वॉचमननं, कुणी म्हणालं. मोटर असेल. कॉम्प्युटर असेल. ती नुसती मान हलवत राहिली. परतीच्या एसटीत सगळी गाडी त्याच चर्चेत, एक मुलगा डब्याचं झाकण आणि पाण्याची बाटली घेऊन काहीतरी मांडायला लागला होता, रेवती ती बाटली धरून बसली होती. मला राहवेना. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं, की पाणी ठराविक उंचीवर आलं की त्याच्याच दाबानं दार आपोआप उघडतं आणि पाणी उतरलं की आपोआप मिटतं, आत कुणी माणूस नसतो. अगदी मुद्देसूद सांगितलं. त्या मुलानं झाकण परत डब्याला लावलं. पद्मा माझ्याकडे बघून कपाळावर हात मारून हसली, "झालं! सांगितलंस व्हय गं विजे? महिनाभर पुरलं असतं की ते!" सगळी मुलं हसली. रेवती हसली नाही, तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मी बरोबर उत्तर दिलं होतं आणि तरी मीच चुकले होते.

आठवीत रेवती शिष्यवृत्तीच्या यादीत आली. शाळेत सत्कार झाला. मी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. माइकवर कुणीतरी तिला विचारलं, याचं श्रेय कुणाला देशील? सबंध वर्ष मी तिच्याकडून पेपर सोडवून घेतले होते, तिच्याबरोबर जागले होते. पोरगी स्वच्छ आवाजात म्हणाली, "चौगुले मॅडमना." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, लोक बघत होते ना. नंतर पद्मा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मनावर घेऊ नगंस. तुझ्याकडं अभ्यास झाला, माझ्याकडं नुसता दंगा. पोरं दंग्याचंच नाव घेतात." तिनं समजूत घातली याचाच मला जास्त राग आला. ती मिरवली असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्याच्या आधीच्या वर्षी माझा मिक्सर बंद पडला होता. रेवतीनं तो उचलून थेट गच्चीवर नेला. संध्याकाळी पद्मा स्वतः घेऊन आली, ओट्यावर ठेवला, बटण दाबलं. चालू झाला! पण आतून खडखड, खडखड. मी म्हटलं, हे काय? "एक उरला," ती म्हणाली, "बरणीत टाकला. चालतोय न्हवं?" अगं पण आवाज किती! "आवाजाकडं काय बघतीस, चटणीकडं बघ." असं म्हणून ती कितीतरी दिवसांनी ओट्यावर चढून बसली, आणि मी चटणी केली, बिनलसणीची. त्या दिवशी हेडमास्तरांची नक्कलही झाली. रेवती दाराआडून बघत होती, पण मी तिला आत बोलावलं नाही.

तो मिक्सर अजून आहे. रेवतीच्या वडिलांनी दोनदा नवा आणायचा विषय काढला. मी म्हटलं, चालतोय न्हवं?

परवा आण्णांनी तिच्या गच्चीवरच्या वस्तू मुलांना वाटल्या. रेवती त्यासाठी बेंगळुरूहून आली, आणि बसस्टँडवरून आधी तिकडे गेली, मग घरी. तिथं सगळी जमली होती म्हणे. कुणी पकड घेतली, कुणी स्क्रूड्रायव्हरचा संच, कुणी ती ज्यावर उभी राहून बोलायची ते लाकडी खोकं. प्रत्येकाला तिचं काहीतरी मिळालं. मला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तरी कोण म्हणून गेले असते?

रेवतीच्या वाट्याला ती बरणी आली. घरी येऊन तिनं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि सगळे स्क्रू त्यावर ओतले. गंजलेले, चकचकीत, बारके, जाडे... किती मुलांच्या चुका असतील त्या, आणि एकेका चुकीला टाळ्या मिळालेल्या. ती बोटांनी चाळत बसली. मग एक उचलून उजेडात धरला. "आई, हा बघ! हाच असणार मिक्सरचा. थांब, आत्ता बसवते, खडखड जाईल एकदम." आणि तिनं मिक्सर उलटा केलासुद्धा.

"हात लावू नकोस त्याला!" मी ओरडले.

ती दचकली. "अगं, पण दुरुस्त होईल..."

"नाही करायचा दुरुस्त. तुम्हाला सगळ्यांना तिचं काही ना काही मिळालं. रविवार मिळाले, सहली मिळाल्या, पकडी मिळाल्या, बरणी मिळाली. आणि मला काय, तर तुम्ही कोण असं विचारतात. माझी मैत्रीण होती ती, तुमची मॅडम व्हायच्या कितीतरी आधीपासून. तो आवाज माझा आहे. तो मी कुणाला द्यायची नाही." हे एवढं बोलले, आणि महिनाभरात पहिल्यांदा मला रडू आलं. चांगली ढसाढसा रडले. रेवतीनं मिक्सर सरळ केला, स्क्रू परत बरणीत टाकला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी शेंगदाणे भाजले, मिरच्या घातल्या, मीठ घातलं आणि मिक्सर लावला. खडखड, खडखड सुरू झालं. चटणी कधीच झाली होती, तरी मी बटणावरचं बोट काढलं नाही. रेवती येऊन शेजारी उभी राहिली. मिक्सर बंद झाल्यावर तिनं बोटभर चटणी चाखली. "आई, लसूण घातलाच नाहीस की," ती म्हणाली. मी म्हटलं, रविवारी नाही घालत. मग ती कडेला टेकून उडी मारून ओट्यावर, खिडकीच्या बाजूला चढायला लागली.

"उतर खाली," मी म्हटलं. "तिथं पद्मा बसते."