दिराचं नाव

कात्रीला कोणी शांतीची दूत वगैरे म्हटलं की मला हसू येतं. शांत तर ती झोपेतही नसेल. धंदा बायकांचे केस कापायचा, जीभ कात्रीपेक्षा धारदार. वस्तीने ‘कात्री’ नाव ठेवलं, तर तिने तेच दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं. नवरा गेल्यावर सासरच्या घराच्या पुढच्या खोलीत तिने खुर्च्या-आरसा मांडून पार्लर थाटलं. घर दिराच्या नावावर, हे आधीच सांगून ठेवते.

वस्तीच्या मधोमध रस्ता. अलीकडे आम्ही, पलीकडे दुसऱ्या धर्माचे लोक. पार्लरमध्ये मात्र दोन्हीकडच्या बायका शेजारी शेजारी बसत. डोक्याला रंग थापून, गळ्यात टॉवेल बांधून बसलेल्या बाईला कोणाशी वैर धरणं जमत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.

मागे एका खोट्या बातमीवरून दोन्हीकडची दुकानं जळाली. तेव्हा कात्रीने पलीकडच्या शिलाईवालीला हाताशी धरून ‘जोडी’ सुरू केली. काही बातमी उठली की अलीकडची एक, पलीकडची एक, अशा दोघींनी जागेवर जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि बसथांब्याच्या कोपऱ्यावर उभं राहून मोठ्याने सांगायचं. आधी आम्ही नुसतं “खोटं आहे” म्हणून घरी यायचो. मूर्खपणा होता. थाप मारणारा नामानिराळा राहायचा आणि लगेच नवं पिल्लू सोडायचा. मग कात्रीनेच ठरवलं, बातमी ज्याने पहिल्यांदा उठवली त्याचंही नाव कोपऱ्यावर घ्यायचं.

हल्ली तिचा दीर एका संघटनेत जाऊ लागला होता. जेवतानासुद्धा भाषण करायचा. एका दुपारी त्याच्याकडून सगळ्यांच्या फोनवर निरोप आला, ‘आपल्या पेन्शनर आजोबांचं डोकं पलीकडच्यांनी फोडलं.’ बघता बघता कोपऱ्यावर माणसं जमली. काहींच्या हातात काठ्या.

कात्री आणि शिलाईवालीची जोडी निघाली. दोघींनीच जायचं असताना मी तिसरी घुसले. मला घरी बसवत नाही.

आजोबा पलीकडच्या औषधाच्या दुकानात पट्टी बांधून चहा पीत होते.

“कोणी मारलं, आजोबा?” कात्रीने विचारलं.

“पायरीने.”

“चेष्टा नको. बाहेर काठ्या निघाल्यात.”

“अगं, चप्पल सुटली, आपटलो. या औषधवाल्याने उचलून आत आणलं. तुझ्या दिराला सांगितलं की सगळं! याच स्टुलावर बसून ऐकून गेला.”

म्हणजे गैरसमजही नव्हता. खरं ऐकून, उठून, खोटं पाठवलं होतं.

परत येताना शिलाईवाली म्हणाली, “ताई, आज नाव राहू दे. खोली त्याची आहे. मी कोणाला बोलणार नाही.”

“तुझा दीर असता तर मी गप्प बसलेलं चाललं असतं तुला?”

“नसतं चाललं.”

“झालं तर मग.”

कोपऱ्यावर दीर सगळ्यांत पुढे. आमचे चेहरे बघूनच त्याने ओळखलं. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “वहिनी, घरातली गोष्ट घरात.”

“भावोजी, काठ्या घेऊन रस्त्यावर उभे आहात. यात घर कुठे दिसलं तुम्हाला?” आणि ती थांब्याच्या बाकावर चढली. “आजोबा चप्पल सुटून पडले. आम्ही दोघी त्यांना भेटून आलो. मारलं, हे पहिल्यांदा सांगणारे माझे दीर. खरं काय ते आजोबांच्या तोंडून ऐकलं आणि मग खोटं पाठवलं.”

“खरं का रे?” मागून कोणीतरी विचारलं.

दीर भडकला. “आज नसेल मारलं! उद्या मारतील!”

एक जण फस्सकन हसला. गर्दीचा नूरच बदलला. कोणाला दुकान उघडं टाकल्याचं आठवलं, कोणाला गॅसवरचं दूध. फार थोर दृश्य नव्हतं ते; लाज वाटलेली माणसं काढता पाय घेतात तसं होतं. संघटनेचे तेवढे उरले. एक जण कात्रीच्या पायाशी थुंकला. ती बाकावरून उतरली नाही.

संध्याकाळी पार्लरला कुलूप. खुर्च्या रस्त्यावर, आरशाला तडा. “बाई, रडायचं नंतर बघू. एका बाजूने धरा,” ती मला म्हणाली. शिलाईवालीने पलीकडे आपल्या दुकानात मशीन भिंतीला सरकवून जागा केली होती.

पण अलीकडच्या बायका पलीकडे जाईनात. जी जाईल तिच्या घरासमोर तमाशा करू, अशी धमकी होती. खुर्ची रिकामी. मला या वयात कोण काय करणार? मी गेले, बसले, म्हटलं, काप. रोज कापण्याइतके केस डोक्यावर नाहीत, तरी रोज जाऊन बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. हळूहळू दोन-तीन जणी आल्या. बाकीच्या अजून आलेल्या नाहीत. त्यांची नावं इथे घ्यायचा मोह होतोय, पण असो.

परवा मी खुर्चीत असताना तिची सासू दारात आली. आत पाऊल न टाकता म्हणाली, “तो कुलूप काढतोय. फक्त कोपऱ्यावर येऊन सांग, ‘माझ्या ऐकण्यात चूक झाली.’ एवढंच.”

कात्रीचा हात थांबला नाही.

“कोपऱ्यावर येते म्हणावं, आई. त्याला आवडत असेल तर पुन्हा नाव घेते. गेल्या वेळी मागच्यांना नीट ऐकू गेलं नसेल.”

सासू रस्ता ओलांडून गेली. मी वळून बघायला लागले, तर माझ्या डोक्यावर टपली बसली.

“मान खाली, बाई. कान कापला जाईल.”