कुरडयांचं ऊन

खामगावच्या आमच्या गल्लीत एक बाई उन्हाळाभर बाजेवर कुरडया वाळवून विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. कुरडई कानाशी नेऊन मोडायची. कट्कन आवाज आला तरच डब्यात टाकायची.

गल्लीच्या तोंडाशी सात मजली हॉटेल ठरलं, तेव्हा ती हरकतीच्या कागदावर सह्या घ्यायला दारोदार फिरली. मी म्हणालो, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी दार उघडलंच नाही.

हॉटेल उभं राहिलं. आता दुपार कलताच गल्ली अंधारते. परवा ती उन्हामागं बाज सरकवत माझ्या दारापर्यंत आली.

"जन्मभर सावली मांगतली भाऊ," ती म्हणाली, "भेटली त अशी."

सवयीनं तिनं एक कुरडई कानाशी नेऊन मोडायला घेतली. कुरडई नुसतीच वाकली.