हिरवळीवरचा झेंडा

कॉम्प्युटरवर गोल्फ खेळायला बसण्याआधी साळवे सिस्टर आरशासमोर उभ्या राहून हसत. ते हसणं आनंदाचं नसे. ओठांचे दोन्ही कोपरे सारखे वर जातात का, हे त्या तपासत. मग दोन्ही हात पुढे धरून डोळे मिटत, आणि शेवटी मोठ्याने म्हणत, "आज मार्केट यार्डात कांद्याची आवक चांगली झाली." वाक्य न अडखळता बाहेर पडलं की खुर्ची ओढत. शेजारीण म्हणून मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाई. पहिल्यांदा हा प्रकार पाहून मला हसू आलं. त्यांनी मागे वळून नुसतं पाहिलं आणि माझं हसू जागीच विरलं.

"एक झटका येऊन गेलाय. दुसरा सांगून येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तूबी शिकून ठेव. तोंड वाकडं, हात खाली, बोलणं जड. यातलं एक जरी दिसलं, तर माझं काय ऐकायचं न्हाई. उचलून न्यायचं."

शिरूर तालुक्यातल्या खेड्यांत त्यांनी उभा जन्म नर्स म्हणून काढला होता. बाजारात त्या समोरून आल्या, की मोठी माणसंसुद्धा नकळत दंड चोळत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी मीना दौंडला होती. मेंदूच्या झटक्याने सिस्टरांच्या उजव्या हाताची बोटं लुळी पडली. बोटांना सारखं काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मीनाने घरातला जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यात तो गोल्फचा खेळ आधीपासूनच होता. आमच्या गल्लीत गोल्फ म्हणजे काय, हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

लांबचा पहिला फटका त्यांना लगेच जमला. माउसचं बटण दाबून धरायचं, पडद्यावरची जोराची पट्टी पूर्ण भरली की सोडायचं. चेंडू भिरभिरत लांब जाई. अडचण पुढच्या फटक्याची होती. खेळात त्याला अप्रोच म्हणत. चेंडू खळग्याची जागा दाखवणाऱ्या झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर अलगद उतरवायचा असतो, तेव्हा पट्टी अर्ध्यातच थांबवावी लागते. सिस्टरांचं बोट वेळेवर उठत नसे. चेंडू हिरवळ ओलांडून पलीकडच्या तळ्यात पडे.

"इंजेक्शनचंबी असंच हाय बघ," त्या म्हणत. "जोर कुणीबी लावंल. हात कवा हलका सोडायचा, ते कळाया पायजे." मग त्या आखूड काठी निवडत, म्हणजे चेंडू उंच जाऊन मऊ उतरे, आणि कोपऱ्यातला वाऱ्याचा बाण पाहून नेम थोडा सरकवत. हळूहळू बोट ऐकू लागलं. चेंडू झेंड्यापाशी थांबला, की त्या पडद्याकडे न बघता बोटाकडेच बघत राहत.

पण भीती काही हटली नाही. ती हळूहळू मलाही लागली. आमच्या दोन घरांत एकच भिंत. माउसचा आवाज थांबला की मी हातातलं काम टाकून कान देई.

त्या दुपारी मी चहा घेऊन गेले. कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यांचा अप्रोच चालला होता, पण नेमाचा बाण मैदानाच्या उजव्या कडेला रोखलेला होता. तिकडे नुसती झाडी.

"सिस्टर, झेंडा तर इकडं आहे."

"कुठं? झेंडाच न्हाई आज. काढून ठिवलाय वाटतं कुणी."

लाल झेंडा पडद्याच्या डाव्या बाजूला ढळढळीत फडकत होता. त्यांनी फटका मारला. चेंडू झाडीत गेला.

"चहा घ्या," मी म्हणाले.

"आणलास व्हय? दे की मग."

कप त्यांच्या मनगटापासून वीतभरावर वाफाळत होता.

"आपण दवाखान्यात जाऊ," मी म्हणाले. त्या ताडकन उठल्या आणि आरशासमोर हसल्या. ओठ सरळ. हात पुढे धरले. दोन्ही सारखे. कांद्याचं वाक्य खणखणीत म्हटलं. "बघ! काय झालंय मला? उगं घाबरवू नगंस."

त्यांनी शिकवलेलं एकही लक्षण नव्हतं. जन्मभर रोगी पाहिलेली बाई बरी आहे म्हणत होती, आणि मी कोण? चूक ठरले, तर त्या माझं तोंड बघणार नाहीत. पण तो कप. मी समोरच्या जीपवाल्या दत्ताला हाक मारली आणि आम्ही दोघांनी त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं. त्या चिडून बोलत होत्या, आणि मी डावीकडे बसलेली असूनही बोलताना त्यांच्या उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे बघत होत्या.

पुण्याच्या रस्त्याला ट्रकांची रांग लागलेली. रांजणगाव मागे पडेपर्यंत त्या मला बोल लावत होत्या. मग एकाएकी त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं, परत फिरवलं, पुन्हा वळवलं. "अगं, अर्धाच रस्ता दिसतोय," त्या पुटपुटल्या. "डोळ्याचं म्या लक्षणांत धरलंच न्हवतं." माझा हात त्यांनी इतका घट्ट आवळला, की बांगडी मनगटात रुतली.

मेंदूत रक्ताची दुसरी गाठ अडकली होती. वेळेत आणलं म्हणून वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. डाव्या बाजूची नजर मात्र परतली नाही. मीना त्यांना दौंडला घेऊन गेली.

महिन्याभराने मी एसटीने त्यांना भेटायला गेले. त्या ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. उजव्या अंगाने मी समोर आले, तेव्हा चेहरा उजळला. चहापाणी झालं, शिरूरच्या गप्पा झाल्या.

"सुई टोचताना मी समद्यांना म्हनायची, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "म्हंजी काय? माणूस घाबरतंच की. आता मीना कामाला जाते, तवा ह्या अंगाला कोण येतंय, काय येतंय, मला कळत न्हाई. लई भ्या वाटतं गं. तू असं कर, ह्या बाजूला बस. आन् बोलत ऱ्हा. काहीबी बोल."

मी खुर्ची उचलून त्यांच्या डाव्या बाजूला ठेवली. आता मी त्यांना दिसत नव्हते. मी बोलू लागले. गल्लीतल्या नव्या बिऱ्हाडाचं, नळाच्या वेळेचं, दत्ताच्या जीपचं. त्यांचे खांदे हळूहळू सैल पडले. शेवटची एसटी चुकेल, हे कळत असूनही मी बोलत राहिले.